बंदुकीची आंघोळ

कोक-जार, १४ मे २००१

माझ्या शिंगरा जीपार,

माणसं बरी आहेत, मेंढ्या बऱ्या आहेत, लंगडी गाय व्याली, कालवड झाली. आधी हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं, पण खरं सांगू, पुढचं लिहीपर्यंत मला धीर धरवत नव्हता. आपल्या खोऱ्यातली पहिली मुलगी वनरक्षक झाली, आणि ती माझी नात. मी पाववालीला सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला सांगितलं, मिठाच्या ट्रकवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मागच्या खेपेलाच सांगितलंत." मी म्हटलं, मग आज परत ऐक, तुझं काय जातंय.

तुझं पत्र डॉक्टरनेच आणलं. तुझं अक्षर बारीक, माझा चष्मा जुना, म्हणून दाराशी उन्हात बसून वाचलं. मला चार हिवाळ्यांचीच शाळा, तीही लग्नानंतर, सामूहिक शेताच्या गोठ्यात. तेव्हा माझं अक्षर वाकडं दिसलं तर गाईंना दोष दे.

तीन महिने कच्ची नोकरी, मग वरून साहेब येणार, तपासणार आणि पक्की करणार, हे मी नीट समजून घेतलंय. पक्की होईलच. तू सहा वर्षांची असताना एकटीने घोडी शोधून आणली होतीस, धुक्यातून. ती घोडी पुढे आपण तुझ्या काकाच्या लग्नात दिली, ती गोष्ट वेगळी.

तुझी बुर्माकान आजी येऊन बसली होती. नणंद माझी, तिला तोंड कोण आवरणार. म्हणाली, "बाईने नुसती बंदूक ओलांडली तरी नेम जातो म्हणतात. ही तर खांद्यावर घेऊन हिंडणार." मी म्हटलं, "ओलांडणार नाही ना, खांद्यावरच घेणार." तर चहाच प्यायला लागली.

ट्रकवाल्याकडे कुरुतची पिशवी दिली आहे. खारट ताकाचे ते गोळे दाताने फोडू नकोस, चघळ. तुझी पायवाट पांढरी असो.

आजी

*

वरची चौकी, २ जून

आजी, सलाम.

कुरुत मिळालं. अर्धं मी खाल्लं, अर्धं चौकीचे प्रमुख, सगळ्यांचे थोरले दादा, एशेन बाइके यांनी, मी दुर्बिणीने समोरचे कडे बघत होते तेव्हा. विचारलं तर म्हणाले, "तपासत होतो, सरकारी माणूस आहे मी."

इथे सगळं छान आहे, एक सोडून. त्यासाठीच लिहिते आहे.

मला दिलेली बंदूक जुनी पण चांगली आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. काडतुसं लष्कराच्या जुन्या कोठारातून आली आहेत, जस्ताच्या सीलबंद डब्यांत. डब्यावर साल १९५३. मागच्या शुक्रवारी सरावासाठी प्रत्येकाने पंधरा बार टाकले. माझे बारा लागले, इथल्या दुसऱ्या रक्षकाचे, शाइलूचे, नऊ, म्हणून शाइलू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच दिवशी मी बंदूक साफ केली. चिंधी तेलात भिजवून गजाने नळीतून ओढली, ती पांढरी निघेपर्यंत. एशेन बाइके म्हणाले, लोखंडाला तेल दिलं की आपलं काम संपलं.

तिसऱ्या दिवशी नळीतून आभाळाकडे पाहिलं तर आत तांबूस लव. तेल तसंच होतं, आजी. तेलाखाली गंज. घासून काढला, पुन्हा तेल दिलं, चार दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या आधी इथे जो होता त्याची बंदूक अशीच गेली. साहेब आले, त्यांनी आधी नळीत डोकावलं, मग त्याला सामान बांधायला सांगितलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते पुन्हा येतील. शाइलू म्हणतो, "बाईच्या हाताला लोखंड रुसतं." त्याची स्वतःची नळी कशी आहे ते मी पाहिलंय, पण त्याची नोकरी पक्की आहे.

आजोबा वीस वर्षं लांडगे मारत होते. त्यांची बंदूक सगळ्यांत स्वच्छ म्हणून मानपत्र मिळालं, ते अजून शाळेत लावलंय. ते काय करायचे? तू पाहिलं असशील ना.

जीपार

*

कोक-जार, १० जून

माझ्या शिंगरा,

पंधरातले बारा. मी हे सगळ्यांना सांगितलं. बुर्माकानला मी चौदा सांगितले, तिच्यासाठी बारा पुरत नाहीत.

आता बंदुकीचं. मी बाईमाणूस, मला काय कळतंय, पण जाता-येता दिसायचं थोडं. तुझे आजोबा तेलाच्या आधी पाणी वापरायचे. दचकू नकोस. उकळतं पाणी, नुसतं गरम नव्हे. त्यात साबणाचा चुरा. नळी मागच्या बाजूने उघडायची, पुढचं तोंड खाली करायचं आणि मागून ओतायचं. चांगल्या तीन किटल्या. पहिली काळी निघते, दुसरी करडी, तिसरी आपल्या झऱ्यासारखी. उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की उरलेलं पाणी ती आपणच वाळवते, तरी सुकी चिंधी चार वेळा ओढायची. मग तेल. आणि हे ज्या दिवशी बार टाकले त्याच दिवशी. उद्या करू म्हटलं की गंज आज येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंधी ओढून बघायचं.

हे का करायचं ते मला विचारू नकोस. पुरुषांची कामं ती. मी दुरूनच पाहिलं.

मांजराला तीन पिल्लं झाली आहेत, तिन्ही बोकेच दिसतात. कुणी घेत नाही. चौकीत उंदीर आहेत का?

आजी

*

वरची चौकी, १ जुलै

आजी,

उंदीर आहेत, बोके नकोत. आधी वाच.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या दोन आठवड्यांत मी राणीसारखी वावरले. नळी चांदीची झाली. बाकीचे हसायचे. शाइलू विचारायचा, "जीपार, साखर किती टाकतेस?" एशेन बाइके म्हणाले, "पोरी, ही बंदूक आहे, चहाचा समोवर नव्हे." पण नळीतून दोनदा पाहिलं.

आणि परवा सकाळी मेंढपाळ धावत आला. लांडगा कळपात. मी जवळ होते, मीच गेले. पहिला बार चुकला. धुकं होतं, अंतर जास्त होतं, चुकायचाच. दुसरी गोळी चढलीच नाही, आजी. गोळी चढवणारा खटका अर्ध्यावर अडकून बसला. मी हाताने ओढत राहिले आणि लांडगा माझ्यादेखत मेंढी घेऊन गेला. मेंढपाळ उरलेल्या मेंढ्या मोजू लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

एशेन बाइकेंनी बंदूक हातात घेतली. म्हणाले, "लोखंडात पाणी ओतल्यावर अजून काय होणार." त्यांनी वहीत लिहिलं: चुकीच्या सफाईमुळे बिघाड. पुन्हा पाण्याला हात लावलास तर बंदूक काढून घेईन, असंही म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. त्यांना आजोबा आठवतात, लहानपणी एकदा आपल्या घरी राहिले होते. ते म्हणतात, आजोबा नेहमी सांगायचे, बंदुकीला बिज्जूची चरबी पाहिजे, दुसरं काही नको. पाण्याचं कधी बोलले नाहीत.

साहेब पाच ऑगस्टला येणार. ती वही आधी त्यांच्यासमोर जाईल. मला घरी पाठवलं तर मी येईन, रडणार नाही, पण इथल्या कड्यांवर मला हिवाळा बघायचा होता.

तू म्हणतेस दुरून पाहिलं. किती दुरून? आजोबा खरंच पाणी ओतायचे? मला खरं सांग. खोटं असलं तरी मी रागावणार नाही, पण आता मला खरं लागणार आहे.

जीपार

*

कोक-जार, ६ जुलै

जीपार, बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि भाकरी करपली. आज गाय, मांजर काही सांगत नाही.

तुझ्या आजोबांनी आयुष्यात एकदाही बंदुकीत पाणी ओतलं नाही. मी ओतलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ते आठ-आठ दिवस लांडग्यांमागे असायचे. परत आले की बूट न काढता झोपायचे, दीड दिवस. बंदूक चुलीपाशी तशीच, चरबी चोपडलेली. वसंतात सामूहिक शेताच्या अध्यक्षांनी नळीत पाहिलं आणि म्हणाले, अजून एकदा असं दिसलं तर ही दुसऱ्याला देतो. बंदूक गेली की ते मेंढ्या कातरायला जाणार. त्या माणसाला मेंढ्या कातरायला लावणं म्हणजे गरुडाला कोंबड्यांत ठेवणं.

मी दोन दिवस विचार केला. मग एकदा ते झोपले असताना तोंडाशी जमलेल्या काळ्यावर बोट फिरवलं आणि चाटलं. हसू नकोस. चहा, कातडं, कुरुत, सगळ्याची चव मी जिभेने घेते, बंदुकीची का नको? खारट होतं. अगदी मिठासारखं, वर जरा कडवट. आणि मीठ म्हटलं की ते माझं काम झालं. खारवलेल्या कातड्याला लोणी लावलं तर मीठ जातं का? आतच राहतं, हवेतली ओल ओढून घेतं. मीठ पाण्यानेच निघतं. तेवढंच माझं ज्ञान. त्या जुन्या काडतुसांच्या टोपीत काहीतरी असतं, ते जळून मीठ होतं. माझ्या लग्नाच्या सालची तुझी काडतुसं, म्हणजे तीच जात.

सासूबाई होत्या. बाईने बंदुकीला हात लावायचा नाही, ओलांडायची नाही, बाळंतिणीने तर बघायचीही नाही. म्हणून मी गोठ्यामागे न्यायची. वीस वर्षं. यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. फक्त पहिल्या वर्षानंतर शिकारीवरून आले की बंदूक चुलीपाशी ठेवायच्या ऐवजी पाण्याच्या पिंपापाशी उभी करायचे. आणि चारचौघांत चरबीचं सांगायचे. दुसरं काय सांगणार?

आता तुझी चूक नाही, माझी आहे. यांच्या बंदुकीत गोळी चढवायचा खटका हाताने ओढावा लागायचा. धूर एकाच वाटेने बाहेर. तुझी स्वतःच गोळी चढवते म्हणालीस. ती कशाच्या जोरावर चढवते? जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, तो सैन्यात होता. म्हणाला, नळीतला थोडा धूर वरच्या लहान नळीत शिरतो, तिथे दट्ट्या असतो, तो मागे ढकलला जातो. मी डोक्याला हात लावला. जिथे धूर गेला तिथे मीठ गेलं, जिथे मीठ गेलं तिथे पाणी गेलं पाहिजे. तू थोरल्या नळीला आंघोळ घातलीस आणि धाकटीला तशीच ठेवलीस, कारण मी दुरून पाहिल्याचं सोंग केलं. खरं सांगितलं असतं तर तू मला बंदुकीचं सगळं विचारलं असतंस आणि हे तेव्हाच निघालं असतं.

वरची नळी उघड. दट्ट्या काढ. लाल भुगा सापडेल. रॉकेलमध्ये भिजव, बारीक राखेने घास, मग उकळतं पाणी, मग शेकोटीजवळ वाळव, मग तेल. खटक्याचं तोंडही धू. आणि एशेनने ऐकलं नाही तर त्याच्याशी भांडू नकोस, त्याला चाटायला लाव. लहानपणी तो आपल्या घरी राहिला तेव्हा साखरेचा डबा चाटून गेला होता, त्याला जमेल.

एक मागणं. माझं नाव घेऊ नकोस. कुणी विचारलं तर आजोबांचं सांग. ते मानपत्र शाळेत आहे, मुलं त्याच्याखाली रांगेत उभी राहतात.

आजी

*

वरची चौकी, ९ ऑगस्ट

आजी,

शेवट आधी सांगत नाही, तूही कधी सांगत नाहीस.

लाल भुगा होता. दट्ट्या जागेवर चिकटलेला, लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून काढला. एशेन बाइके दारात उभे, हाताची घडी. मी म्हटलं, "बाइके, एक बार टाका, मग नळीच्या तोंडाचं काळं चाटून बघा. खारट नसेल तर मी आजच उतरते." ते म्हणाले, "पस्तीस वर्षं नोकरी केली, आता बंदूक चाटू?" पण चाटली. मग बराच वेळ जीभ टाळ्याला लावून उभे राहिले. मग शाइलूला हाक मारली, "इकडे ये, तूही चाट." त्या दिवशी चौकीतली बाकीची चारही माणसं तोंडं वाकडी करून हिंडत होती आणि चुलीवर पाण्याचं मोठं भांडं होतं. पाचही बंदुका धुतल्या. शाइलूच्या नळीतून पहिल्यांदा काय निघालं ते लिहीत नाही, तू जेवत असशील.

साहेब पाचला आले. उंच, थकलेले, गुडघा दुखत असलेले. त्यांनी आधी वही वाचली. मग माझी नळी पाहिली. मग वरची नळी स्वतः उघडली, हे कुणाला अपेक्षित नव्हतं. दट्ट्यावर खड्डे आहेत, आजी. गंज गेला पण त्याने खाल्लेलं परत येत नाही. त्यांनी नखाने खड्डे चाचपले आणि विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "माझी चूक. थोरली नळी धुतली, ही धुवायची ते मला माहीत नव्हतं. या चुकीपायी एक मेंढी गेली. आता माहीत आहे."

"दाखव," ते म्हणाले. मी सलग दहा बार टाकले, एकही अडकला नाही. मग त्यांच्यासमोर सगळं सुटं करून धुतलं. तिसऱ्या किटलीला त्यांनी वाकून पाणी पाहिलं. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आधी शाइलू म्हणाला, "हिचे आजोबा, लांडगेमार. प्रसिद्ध माणूस." साहेबांनी मान हलवली, त्यांनी नाव ऐकलं होतं. सगळं ठीक होतं, आजी. मी गप्प बसले असते तर तुझा शब्द राहिला असता. पण आत्ताच त्यांना माझ्या चुकीचं खरं सांगितलं होतं, आणि लगेच पुढचं वाक्य खोटं, ते जमेना. मी म्हणाले, "आजोबा नाही. आजी. तिने जिभेने ओळखलं."

एशेन बाइकेंनी वही मागून घेतली, आपली ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बिघाड अपुऱ्या धुण्यामुळे, मीही सांगू शकलो नाही. साहेबांनी त्याखाली सही केली आणि दुसरी सही माझ्या कागदावर. पक्की. आणि एक कामही दिलं: खालच्या तिन्ही चौक्यांत जाऊन धुवायला शिकवायचं.

मला माफ कर. गावात एव्हाना कळलं असेल, मिठाचा ट्रकवाला इथेच चहा पीत होता.

जीपार

*

कोक-जार, १८ ऑगस्ट

माझ्या पक्क्या शिंगरा,

ट्रकवाला तुझ्या पत्राच्या आधी पोचला. येताना चार गावांत थांबून आला.

मी दोन दिवस दार लावून बसले. मेंढ्या बाहेर सोडल्या आणि आत आले, पडदा ओढला. वाटलं, आता शाळेतून मानपत्र काढतील, म्हातारे म्हणतील, बायकोच्या जिवावर मान मिरवला. तुझी नोकरी पक्की झाली याचा आनंद इतका की छातीत मावेना, आणि यांच्या नावाची काळजी इतकी की तो आनंद बाहेर येईना. असं मला कधी झालं नव्हतं. तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावले. मंगळवारी दुपारपर्यंत.

मंगळवारी दुपारी बुर्माकान आली. दार वाजवलं नाही, ती वाजवत नाही. पडदा बाजूला केला, बसली, म्हणाली, "चहा नाही का या घरात?"

मी चहा ओतला. मीठ घातलं, दूध घातलं. ती प्यायली. मी वाट पाहत होते. शेवटी मीच म्हटलं, "बोल काय बोलायचं ते. तुझ्या भावाच्या बंदुकीला मी वीस वर्षं हात लावला."

"मग कुणी लावला असता?" बुर्माकान म्हणाली. "त्याला स्वतःचे बूट धुता येत नव्हते."

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"वहिनी, मी चौदा वर्षांची होते, आंधळी नव्हते. गोठ्यामागून साबणाचा वास यायचा, आणि गाईंना साबण कुणी लावत नाही."

"आणि सासूबाई?"

ती पेला फिरवत बसली. मग म्हणाली, "दादा शिकारीवरून आला की आई मला लोकर पिंजायला बसवायची. दाराला पाठ करून. मी उठायला लागले की म्हणायची, बस खाली, वहिनीला मागे काम आहे, ती येईपर्यंत बाहेर जायचं नाही. आणि स्वतः दारात बसायची, म्हणजे दुसरं कुणी आलं तरी तिच्याशीच बोलत राहील."

जीपार, मी वीस वर्षं त्या बाईला चुकवून गोठ्यामागे जात होते. आणि ती माझ्यासाठी दारात बसत होती.

मी विचारलं, "मग मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आईला रीत पाळावी लागली असती," बुर्माकान म्हणाली, "आणि मेंढ्या लांडग्यांनी खाल्ल्या असत्या."

तिने दुसरा पेला मागितला. जाताना म्हणाली, शाळेच्या मास्तरांना तिने निरोप दिलाय, मानपत्र आहे तिथेच राहू द्या, बंदूक त्यानेच चालवली होती.

खालच्या चौकीत शिकवायला जाशील तेव्हा वाटेत एक दिवस घरी थांब. बुर्माकानला तुझा नेम बघायचाय. मी तिला चौदा सांगितलेत, तेवढं सांभाळ.

आजी